ऐंशी टक्क्यांवरचे हिंदुराव आप्पा

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळत आलो. हिंदुराव आप्पांचा विषय निघाला की मी त्यांचे बाकीचे किस्से सांगायचो, ऐकणारे पोट धरून हसायचे, आणि मूळ गोष्टीच्या अलीकडेच मी गाडी थांबवायचो. आता ज्यांच्यासाठी ती लपवायची होती ती दोन्ही माणसं राहिली नाहीत, आणि माझंही वय असं झालंय की उद्यावर काही ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून सांगून टाकतो. फक्त आप्पा काय चीज होते ते आधी कळायला हवं. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

आप्पांना फोन केला की ते तो कापायचे आणि सायकलवर टांग मारून तुमच्या घरी यायचे.

यात तिखटमीठ काही नाही. पेंडीच्या दुकानदारानं एकदा सरकी आल्याचं सांगायला फोन केला. आप्पांनी कापला. थोड्या वेळानं दुकानापुढं सायकल उभी.

"फोन केलतासा न्हवं? बोला."

"सरकी आलीय आप्पा. एवढंच सांगायचं होतं."

"मग सांगा की."

"अहो, सांगितलं. फोनवरच सांगणार होतो."

आप्पा त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "फोन बोलण्यात घालवायचा असतो व्हय?"

एकदा कुठल्याशा विम्याच्या कंपनीतून एका बाईंचा फोन आला. आप्पांनी तोही कापला आणि माझ्याकडं आले. "शामराव, ह्यो नंबर कुठला बघा जरा. जाऊन येतो." मी म्हटलं, दिल्लीचा दिसतोय. आप्पांनी क्षणभर सायकलच्या चाकातली हवा दाबून पाहिली, मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग."

आप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले गवळी. कोल्हापुरात गंगावेशीच्या मागच्या बाजूला आमची घरं समोरासमोर. त्यांच्या घराला लागूनच गोठा. एके काळी तिथं म्हशी मावायच्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ लोक चरव्या घेऊन उभे राहायचे आणि समोर पिळलेलं दूध न्यायचे. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. निवृत्त होऊन घरी बसलो तोवर आप्पांच्या गोठ्यात एकच म्हातारी म्हैस उरली होती. बायको वारली होती, मुलगा पुण्यात नोकरीला. आप्पा आणि म्हैस, दोघंच घरात. म्हशीला दूध नव्हतं, पण तिला विकायचं नाव काढलेलं आप्पांना खपायचं नाही.

आधी त्यांच्याकडं बटणांचा जुना फोन होता. तो आठवड्यातून एकदा चार्जिंगला लावला तरी चालायचा. मग दिवाळीला मुलगा आला आणि त्यानं स्मार्टफोन हातात ठेवला. "यावर तुम्हाला नातू दिसेल," म्हणाला. नातू दिसला, पण दुसऱ्या दिवशी दुपारी फोन बंद पडला. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. ते फोन टॉवेलात गुंडाळून लक्ष्मीपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. मीही सोबत होतो.

दुकानदारानं तपासलं आणि म्हणाला, "काही झालेलं नाही काका. याला रोज चार्ज करायचं. वीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, ऐंशीच्या वर भरायचा नाही, आणि गरम होऊ द्यायचा नाही. बॅटरी टिकंल."

"ऐंशीच्या वर का न्हाय?"

दुकानदारानं खणातून एक जुनी बॅटरी काढली. ती उशीसारखी फुगलेली होती. "ही बघा. सारखी ठासून भरली, गरम झाली, फुगली."

आप्पांनी ती फुगलेली बॅटरी हातात घेतली, तिच्या पोटावरून हळूच अंगठा फिरवला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "तेल पाजलं व्हतं का हिला?"

दुकानदाराला काही कळलं नाही, पण मला कळलं. म्हशीनं ओला चारा जास्त खाल्ला की तिचं पोट असंच फुगतं आणि तिला तेल पाजतात. त्या क्षणापासून आप्पांना फोनचं सगळं शास्त्र समजलं. दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता ते म्हणाले, "शामराव, जुनी म्हस होती ती गावठी. कमी खायची, तग धरायची. ही जर्सी हाय. सारखी खाती आन् उन्हानं हापती. आता हिला जर्सीगतच सांभाळाय लागणार."

आणि त्यांनी सांभाळलं. चार्ज करणं म्हणजे वैरण घालणं. चार्जरची वायर म्हणजे दावं. फोनवर बोलणं, फोटो बघणं, गाणं लावणं, हे सगळं धार काढण्यात जमा. वैरण घालताना आप्पा फोनसमोर पाटावर बसायचे, कारण खाणाऱ्या जनावराला एकटं सोडत नाहीत. आकडा ऐंशीला आला रे आला की "झालं, उठ," असं म्हणून दावं सोडायचे. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटावर एक मडकं ठेवलेलं असायचं आणि फोन त्यात बसलेला. उजेड बॅटरी खातो असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी पडद्याचा उजेड इतका कमी केला, की भर दुपारी फोन बघायचा तर त्यांना डोक्यावरून घोंगडं घ्यावं लागायचं. नवीन भाडेकरू बाई घाबरून माझ्या बायकोला विचारायला आल्या, "समोरचे आजोबा घोंगड्याखाली कसला जप करतात हो?"

"टक्के मोजतात," माझी बायको म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "बघा, नुसत्या फोनची एवढी काळजी. तुम्ही मला कधी विचारलंत, किती टक्के राहिलीस म्हणून?"

मुलाचा पुण्याहून फोन आला की आप्पा तोही कापायचे. सायकलवर पुणं गाठता येत नसल्यामुळं ते आमच्या घरी यायचे आणि माझ्या फोनवरून तासभर बोलायचे. माझी बॅटरी किती उरली याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "आप्पा, माझ्या फोनची धार काढता की नाही?"

"तुमची म्हस दुसऱ्याला पिळू द्यायची सवय तुमाला हाय," ते शांतपणे म्हणाले. "मला न्हाय."

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ज्या माणसाला फोनवर बोलायचं नाही, फोटो बघायचे नाहीत, गाणी ऐकायची नाहीत, त्याला बॅटरी जगवायची तरी कशासाठी? आम्ही हसण्यात इतके दंग होतो की हा प्रश्न आम्हाला पडला नाही.

दुरुस्तीसाठी वीज जायची त्या दिवशी आप्पा फोन आमच्याकडं आणायचे, कारण आमच्याकडं इन्व्हर्टर होता. हात धुऊन, पुसून, फोन माझ्या हातात द्यायचे. सूचना ठरलेली: "वैरण घालायची, धार काढायची न्हाय. वाजला तर वाजू दे. हात लावायचा न्हाय."

आणि फोन वाजायचा. संध्याकाळी, गवळ्यांच्या धारा काढून होतात त्या वेळेला. एकच रिंग, की बंद. नावाच्या जागी नुसता नंबर. आप्पा आले की तो मिस्ड कॉल बघायचे, पाठ फिरवून तेही एकच रिंग द्यायचे आणि फोन खिशात टाकायचे. मी एकदा विचारलं, कोण आहे? "कुनी न्हाय. बोट लागतं," म्हणाले.

मला ती एक रिंग सहन होईना. निवृत्त माणसाला वेळ फार असतो आणि त्यात एखादी क्षुल्लक गोष्ट रुतून बसते. मला वाटलं, कोणीतरी या साध्या माणसाची चेष्टा करतंय. दुसरं म्हणजे, खरं सांगतो, मला पैजेसारखं झालं होतं. रिंग संपायच्या आत फोन उचलून दाखवायचा. दोनदा माझा हात पोचेपर्यंत ती थांबली होती. बायको म्हणाली, "माशी मारताय का?" त्यानं तर मी आणखी पेटलो.

एका संध्याकाळी आप्पांना गडमुडशिंगीहून निरोप आला. तिथल्या एका ओळखीच्यांची म्हैस अडली होती आणि अशा वेळी लोक डॉक्टरांच्या बरोबरीनं आप्पांना बोलवायचे. गल्लीत वीज नव्हती. आप्पांनी घाईघाईत फोन माझ्याकडं दिला, सूचना दिली आणि गेले. मी फोन इन्व्हर्टरला लावला, ऐंशी झाल्यावर वायर काढली आणि हात त्याच्यावर धरूनच बसलो, मांजर बिळावर बसतं तसा. वाजला. मी उचलला. जिंकल्याचा इतका आनंद झाला की काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. आप्पांच्याच तोऱ्यात ओरडलो:

"कोण हाय तिकडं? रोज रोज काय चेष्टा लावलीया? बोलायचं आसंल तर बोला, न्हायतर बंद करा हे."

पलीकडून श्वास ऐकू आला. साखळीचा आवाज, एक म्हैस हंबरल्याचा आवाज. मग फोन बंद झाला.

मी बायकोकडं विजयी मुद्रेनं बघितलं आणि मग पडद्याकडं. ऐंशीचे एकोणऐंशी झाले होते. कारखान्यात मी जन्मभर एकच काम केलं: दिलेली वस्तू होती तशी परत घ्यायची आणि होती तशी द्यायची. आता आप्पांना कळणार, मी धार काढली. मी फोन पुन्हा वायरीला लावला, ऐंशी करून घेतले. मग लक्षात आलं की कॉलची नोंद राहते. ती पुसायची कशी ते मला नातवानं शिकवलं होतं. मी पुसली.

आप्पा आले तेव्हा कपड्यांना शेणामातीचा वास होता आणि चेहरा खुशीत होता. अडलेली म्हैस व्याली होती, रेडी झाली होती. त्यांनी फोन घेतला, बघितला, पुन्हा बघितला.

"वाजला न्हाय?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. या एका शब्दाला मी तेव्हा काहीच किंमत दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. त्यानंतर कधीच नाही. आप्पा खचले नाहीत, ते कामाला लागले. त्यांनी ठरवलं की जर्सी आतून आजारी आहे. आधी वैरणीच्या वेळा बदलल्या. मग दुसऱ्या चार्जरची चव बघितली. मग फोनला दुपारी विश्रांती म्हणून तासभर बंद ठेवायला लागले, आणि त्या तासातच फोन आला तर काय या भीतीनं तेही सोडलं. पॉवर बँक घेतली, त्याला ते "वासराला बाटलीनं दूध पाजणं" म्हणायचे. शेवटी लक्ष्मीपुरीच्या दुकानदारानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकांना आवरा. माझ्या दुकानातल्या एकाही फोनची बॅटरी त्यांच्या फोनएवढी ठणठणीत नाही."

हे त्यांना कोण सांगणार? मी सांगायला गेलो. गोठ्यात ते म्हशीला खरारा करत बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, फोन चांगला आहे. मुळात वाट कुणाची बघताय?"

त्यांनी खरारा थांबवला नाही. म्हशीकडं बघतच बोलले.

"तानाक्काची. थोरली बहीण. नेसरीला दिलीया."

गल्लीत कुणालाही माहीत नव्हतं की यांना बहीण आहे. मग थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. तानाक्काचं सासरही म्हशीवाल्यांचं. आमच्याकडं दिवाळीत गवळी म्हशींना न्हाऊमाखू घालतात, शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं बांधतात आणि मालकाच्या हाकेवर पळवतात. त्या वर्षी भाऊबीजेला तानाक्का आपली लाडकी म्हैस टेंपोत घालून माहेरी घेऊन आली होती. अख्ख्या पेठेसमोर आप्पा म्हणाले, "म्हस बरी हाय, पर चाल न्हाय हिला."

तानाक्कानं ओवाळायचं ताट खाली ठेवलं. "चाल न्हाय? परत बोल."

"चाल न्हाय. नेसरीच्या पाण्याचाच गुण त्यो."

"हिंद्या, ह्या म्हशीला चाल हाय असं तू म्हनल्याशिवाय मी तुझ्याशी बोलणार न्हाय."

"आन् मी बी न्हाय. जो आधी बोलंल त्यानं हार मानली."

आणि दोन्ही घरच्या म्हशींसमोर दोघांनी शपथ घेतली. ज्या म्हशीवरून भांडण झालं ती कधीच गेली, तिची रेडी गेली, रेडीची रेडी म्हातारी झाली, पण दोघं बोलली नाहीत. लग्नाकार्यात समोरासमोर यायची, पंगतीत पाठीला पाठ लावून बसायची. आणि मग कधीतरी, फोन आल्यावर, एका संध्याकाळी तानाक्काचा एक मिस्ड कॉल आला; नंबर दोघांकडंही पाहुण्यारावळ्यांकडून पोचलेले होते.

"बोट लागलं आसंल तिचं," आप्पा म्हणाले. "म्हनून माझं बी बोट लागलं. मग रोज लागाय लागलं. बोलणं न्हवं त्ये. बोललं न्हाय कुनीच. पर धारा काढून झाल्या, ती बरी हाय, मी बरा हाय, एवढं कळायचं."

"मग तुम्हीच आधी रिंग द्या की."

"थोरली हाय ती. आदी तिचं बोट लागाय पायजे. माझं आदी लागलं तर त्ये बोलल्यागतच झालं." मग जरा थांबून ते म्हणाले, "नेसरीचा मानूस बाजारात भेटतो. धडधाकट हाय म्हंतो. म्हंजे ती लावत आसणार. हितं पोचत न्हाय. जर्सीच नीट न्हाय माझी."

मला तेव्हा उमगलं. बॅटरी नादुरुस्त होती तोवर बहीण रुसलेली नव्हती. म्हणून बॅटरी नादुरुस्त असणं त्यांना भाग होतं.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हणालो? "नेटवर्क नसेल हो आप्पा. हल्ली फार त्रास आहे नेटवर्कचा."

आप्पांचा चेहरा उजळला. "व्हय की. ह्ये कुनी सांगितलंच न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी हिंदुराव आप्पा फोन बंडीच्या खिशात घालून, लोखंडी शिडीनं गोठ्याच्या पत्र्यावरून पाण्याच्या टाकीवर चढायला लागले. तिथं ते नेसरीच्या दिशेला तोंड करून, फोन वर धरून उभे राहायचे. गल्लीतून जाणारे-येणारे हात जोडायचे, काहींना तो पुतळाच वाटायचा. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला काय होतंय? इतके दिवस तुम्हीच सगळ्यांत जास्त हसत होता."

आणि मग एके दिवशी ते शिडीवरून घसरले. पाय मोडला. फोनला ओरखडा नाही, कारण पडताना त्यांनी तो पोटाशी धरला होता.

प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला बोलावलं. "शामराव, आता मला चढता यायचं न्हाय. तेवढं तुमीच करा. तुमी शिकल्यालं मानूस, दिशा बरोबर धरशीला."

मी नाही म्हणू शकलो नाही. तुम्ही म्हटलं असतं का? कुणाचाही फोन येणार नाही हे साऱ्या कोल्हापुरात ज्या एकट्या माणसाला माहीत होतं, तो माणूस रोज संध्याकाळी टाकीवर चढून, हात वर करून, फोन येण्याची वाट बघत उभा राहायचा. खालून आप्पांचा आवाज यायचा: "जरा गडहिंग्लजच्या बाजूला." मी सरकायचो. "आता थोडं आजऱ्याकडं." मी सरकायचो. खाली माझी बायको शेजारणींना सांगायची, "यांना पण लागला जप."

हात दुखायला लागले म्हणून नाही, पण ते "थोडं आजऱ्याकडं" मला ऐकवेना. एके सकाळी बायकोला कागलला जुन्या मित्राकडं जातो असं सांगून मी एसटी पकडली आणि गडहिंग्लजला उतरून नेसरी गाठली.

तानाक्काचं घर विचारावं लागलं नाही. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. उंच, रुंद बाई, डोईवरचा पदर मागं सरकलेला, एका म्हशीला माणसासारखं रागावत होत्या. मी म्हटलं, मी कोल्हापूरचा, हिंदुराव आप्पांच्या समोर राहतो.

त्यांनी म्हशीला सोडलं. "पावणं, बसा. हिंद्या बरा हाय न्हवं? पाय घसरला म्हंत होते बाजारातलं लोक, खरं काय?"

"पाय मोडलाय. आता ठीक आहे." मी ओट्यावर बसलो. "अक्का, मी एक सांगायला आलोय. त्या फोनचं. तुम्ही मिस्ड कॉल द्यायच्या ते बंद झाले..."

"मग बंद व्हनारच की," त्या हसून म्हणाल्या. "त्यो बोलला न्हवं. बोलल्यावर कशाला पायजे मिस काल?"

"कोण बोलला?"

"हिंद्या. एका सांजेला मी रोजच्यागत बोट लावलं आन् त्यानं उचललाच. रागावला. चेष्टा लावलीस म्हनला, बोलायचं आसंल तर बोला म्हनला." त्यांचे डोळे चमकत होते. "आवाज बारीक झालाय त्याचा. मला 'बोला' म्हनला, परक्यागत. येवढ्या वरसांनी बोलताना होतंय तसं. पर आदी बोलला कोण? त्योच. मला तर काय सुचंना, फोन ठेवला. म्हटलं, हार मानली न्हवं, आता येतोय दाराला. तवापासनं वाट बघतीया. येईना झालाय. लाजला आसंल."

या बाईला मी काय सांगणार होतो? की तो आवाज तुमच्या भावाचा नव्हता? की तुमचा भाऊ अजूनही बोललेला नाही आणि तुम्ही ज्याच्यावर इतके दिवस खूश आहात तो एक रिकामटेकडा स्टोअरकीपर होता? त्यांनी माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवला. मी तो प्यायलो. आणि म्हणालो, "आप्पांना येता येत नाही, अक्का. तुम्हीच चला."

एसटीत त्या सगळ्या वाटेनं मला म्हशींच्या चाली समजावत होत्या. मी खिडकीबाहेर बघत होतो.

संध्याकाळ व्हायच्या बेताला आम्ही गल्लीत शिरलो. आप्पा खाटेवर पडून होते, पाय उशीवर, फोन उशाशी मडक्यात. दारात तानाक्का उभ्या राहिल्या. आप्पा उठायला गेले आणि तसेच अर्धवट थांबले. तोंड मात्र घट्ट मिटलेलं. शपथ होती.

"बोल की आता," तानाक्का म्हणाल्या. "एकदा बोललास न्हवं? पाय मोडलाय म्हनून मी आले. न्हायतर तुलाच यायचं होतं नेसरीला."

आप्पांनी भुवया वर केल्या.

"आसं काय बघतोस? 'बोलायचं आसंल तर बोला, न्हायतर बंद करा हे', असं कोण म्हनलं? मी धारा काढून उठले होते. तूच न्हवं?"

आप्पा बहिणीकडं बघत राहिले. मग त्यांची नजर सावकाश तिच्या खांद्यावरून माझ्याकडं आली. मी उंबऱ्यात तिची पिशवी धरून उभा होतो. गडमुडशिंगीची ती संध्याकाळ, इन्व्हर्टर, फोन कुणाच्या हाती होता, मी "नाही" म्हणालो ते, टाकीवरचं ते सगळं उभं राहणं, एकेक करून त्यांच्या डोळ्यांत बसत गेलेलं मी पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस सगळी गल्ली डोक्यावर घेणार, आणि घ्यावी.

आप्पांनी नजर बहिणीकडं नेली.

"व्हय," ते म्हणाले. "मीच बोललो."

"मग चाल कुनाच्या म्हशीला?"

हा माणूस त्या प्रश्नावर अर्धं आयुष्य गप्प राहिला होता.

"तुझ्या."

तानाक्का खाटेच्या कडेला बसल्या आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. आप्पांनी तोंड भिंतीकडं केलं. गोठ्यातली म्हातारी म्हैस हंबरली, तिच्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवून घरी गेलो.

त्यानंतर फोनची रया गेली. तो शंभरापर्यंत चढायचा, शून्यावर उतरायचा, उन्हात पडून तापायचा. आप्पांना पत्ता नसायचा. बहीण-भाऊ दिवसभर बोलायची, आणि बोलणं म्हणजे भांडणंच, म्हशींवरून. पाय बरा झाल्यावर आप्पा म्हशीला टेंपोत घालून नेसरीला जे गेले ते तिथलेच झाले.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. जायच्या आदल्या दिवशी ते निरोप घ्यायला आले, तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं. "आप्पा, त्या संध्याकाळी..."

"शामराव," त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मी बोललोय. आता त्यात दुसऱ्या कुनी बोलू नये."

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. तेवढंही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. मी माफी मागितली असती तर ते बोलले नाहीत असं झालं असतं, आणि मग ती बहीण दारातून परत गेली असती. माझ्यापाशी माफी होती आणि ती द्यायची कुठं ते कळत नव्हतं.

आप्पा पुढं नेसरीलाच वारले. मी दिवसाला गेलो होतो. तानाक्कांनी मला पुढं बसवलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "लई हट्टी होता माझा भाऊ. पर आदी बोलला त्योच." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मागच्या वर्षी त्याही गेल्या. आता हे वाचून कुणाचं काही बिघडणार नाही, म्हणून जे तेव्हा गिळलं ते इथं लिहितो.

आप्पा, अक्का, त्या संध्याकाळी फोन मी उचलला होता. नोंद मी पुसली. आप्पांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. त्या फोनच्या बॅटरीला कधीच काही झालेलं नव्हतं. तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघत बसलात ते सगळे दिवस माझ्यामुळं गेले. मला माफ करा.